टीव्हीला कॉम्प्युटर जोडल्यापासून फेदरपॅडमधली अक्षरं पाटीएवढी झाली, काय करू?

महाल_टायपिंग

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला महालात राहते, घरूनच मराठी टायपिंगची कामं करते, प्रबंध, अर्ज, पत्रिकेचा मजकूर, कोणाचं पुस्तक आलं तर ते. कॉम्प्युटर जुना आहे, भाच्याने दोन वर्षांपूर्वी त्यात डेबियन लिनक्स टाकून दिलं आणि वर नुसतं ओपनबॉक्स, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम, कारण रॅम चारच जीबी आहे आणि मोठा डेस्कटॉप टाकला की मशीन एकदम मंद व्हायची. तेव्हापासून काही म्हणजे काही त्रास नव्हता. मजकूर मी फेदरपॅडमधे टाइप करते, प्रेसवाल्यांना साधी टेक्स्ट फाइलच लागते, पानं ते त्यांच्या हिशोबाने लावतात.

आता झालं असं की पोळ्याच्या दोन दिवस आधी जोराचा पाऊस आला, लाइन तीन-चारदा गेली आली आणि मॉनिटर जो बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाले म्हणाले आतला बोर्ड गेला. नवीन घेणं या महिन्यात जमत नाही म्हणून हॉलमधला ३२ इंची टीव्ही एचडीएमआयच्या वायरने जोडला. चित्र छान आलं, पण फेदरपॅड उघडलं आणि मी घाबरूनच गेली. अक्षरं एवढी मोठी की खिडकी पूर्ण स्क्रीनभर केली तरी जेमतेम बारा ओळी दिसतात. नुसता मजकूर नाही, वरचा मेनू पण तसाच, सेव्हचा डबा उघडला तर खालची बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात आणि मला अंदाजाने एन्टर मारावं लागते.

मी काय काय केलं ते पण सांगते. कंट्रोल दाबून शून्य दाबलं, काही फरक नाही. मग फॉन्टचा आकार १२ वरून ४ केला, तेव्हा स्क्रीनवर मजकूर बरा दिसू लागला, मेनू मात्र तसाच मोठा. आणि दोन पानं प्रिंट काढली तर कागदावर मुंगीएवढी अक्षरं आली, ज्या काकांचं पुस्तक आहे त्यांना भिंग घेऊनही वाचता आली नाही.

घाई यासाठी आहे की हे काका ७९ वर्षांचे आहेत, १९५६ ला वडलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते, त्या आणि नंतरच्या आठवणी त्यांनी वह्यांमधे लिहून ठेवल्यात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे ते पुस्तक यावं एवढीच त्यांची इच्छा आहे. अकरा प्रकरणं झालीत, सहा बाकी आहेत. कोणी मार्ग सांगितला तर फार उपकार होतील.


रामदासपेठ२२

ताई, टीव्हीवर रिझोल्यूशन कमी बसलं असेल. टीव्ही लावला की कधीकधी १०२४ बाय ७६८ वर जाऊन बसते आणि सगळं मोठं दिसते. ते आधी पाहून घ्या, पूर्ण १९२० बाय १०८० करा, काम होऊन जाईल.


महाल_टायपिंग

पाहिलं दादा, १९२० बाय १०८० च आहे. आणि सगळं मोठं नाही ना दिसत, फायरफॉक्समधे अक्षरं नेहमीसारखीच आहेत. भाच्याने माउसपॅड नावाचा दुसरा एडिटर पण टाकून ठेवला होता, ते आत्ता उघडून पाहिलं तर तेही बरोबर आहे. फेदरपॅड आणि गाणी ऐकायचं व्हीएलसी, ही दोनच बिघडली.


पेंग्विन_बर्डी

ताई, तुम्ही ही शेवटची ओळ लिहिली ना, त्यात अर्धं उत्तर आलं. सगळंच मोठं झालं असतं तर रिझोल्यूशन किंवा स्केलिंग पाहावं लागलं असतं. पण माउसपॅड आणि फायरफॉक्स जीटीकेवर चालतात, फेदरपॅड आणि व्हीएलसी क्यूटीवर, हे प्रोग्रामच्या खिडक्या, मेनू आणि अक्षरं काढून देणारे दोन वेगळे संच आहेत. म्हणजे एकाच खानदानाचे प्रोग्राम बिघडले, बाकीचे ठीक. अशा वेळी एडिटरच्या सेटिंगमधे हात घालू नका, एडिटरचा काही दोष नाही. त्याला कोणीतरी चुकीचं माप दिलं आहे.

तीन गोष्टी सांगा. ग्राफिक कार्ड वेगळं लावलं आहे का आणि त्याचा ड्रायव्हर कंपनीचा टाकला आहे की डेबियनसोबत आलेला? दुसरं, टर्मिनल उघडा आणि एक्सडीपीवायइन्फो ही कमांड द्या, सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता, एक्स डी पी वाय आय एन एफ ओ. लंबी यादी येईल, वर सरकवून त्यात डायमेन्शन्स आणि रिझोल्यूशन अशा दोन ओळी एकाखाली एक असतील, त्या इथे जशाच्या तशा लिहा. तिसरं, शिवणाचा टेप असेल घरात तर टीव्हीचा पडदा मोजा, काळी चौकट सोडून नुसता उजेड येतो तेवढा भाग, आडवा आणि उभा.


महाल_टायपिंग

कार्ड वेगळं आहे, भाच्याचं जुनं होतं ते त्याने लावून दिलं, ड्रायव्हर कंपनीचाच टाकला होता म्हणतो.

डायमेन्शन्सपुढे १९२० बाय १०८० पिक्सेल आणि त्यानंतर १६० बाय ९० मिलीमीटर लिहून आहे. रिझोल्यूशनपुढे ३०५ बाय ३०५ डॉट्स पर इंच.

टेपने मोजला, आडवा ७१ सेंटीमीटर भरला आणि उभा ४० ला थोडा कमी.


पेंग्विन_बर्डी

बस, सापडलं. ताई, तुमचा टीव्ही कॉम्प्युटरला चुकीचं माप सांगून राहिला. १६० मिलीमीटर म्हणजे १६ सेंटीमीटर, आडव्या धरलेल्या मोबाइलएवढी रुंदी. आणि टेप सांगतो ७१.

हे होते कसं ते थोडं सविस्तर सांगतो, एकदा समजलं की पुढे कोणत्याही मशीनवर अडणार नाही. प्रत्येक मॉनिटर आणि टीव्हीच्या आत एक माहितीपत्रिका साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ पत्रिका फक्त १२८ बाइटची. वायर जोडली की ग्राफिक कार्ड ती वाचते. बनवणारा कोण, कोणती रिझोल्यूशन चालतात, आणि पडद्याची रुंदी-उंची किती, हे सगळं तिच्यात असते. मॉनिटरवाले सहसा खरं माप भरतात. टीव्हीत मात्र पुष्कळदा मापाच्या जागी १६ आणि ९ भरलेले असतात, म्हणजे पडद्याच्या आकाराचं प्रमाण. ती जागा सेंटीमीटरची आहे, म्हणून कॉम्प्युटर त्याचा अर्थ १६ सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच असाच घेणार. तुमच्या यादीत १६० बाय ९० आलं ते तिथून. हे दुखणं इतकं जुनं आणि इतकं पसरलेलं आहे की नोम डेस्कटॉपच्या मटर नावाच्या प्रोग्राममधे यासाठी वेगळी तपासणीच लिहून ठेवली आहे, १६ बाय ९, १६ बाय १०, १६० बाय ९० आणि १६० बाय १०० अशी मापं आली तर ती खरी धरायची नाहीत म्हणून.

आता पुढचा हिशोब. १९२० ठिपके १६ सेंटीमीटरमधे बसवायचे तर एका इंचात ३०५ ठिपके येतात, यालाच डीपीआय म्हणतात. फॉन्टचा आकार आपण पॉइंटमधे देतो आणि ७२ पॉइंटचा एक इंच. तुमचा १२ पॉइंटचा फॉन्ट नेहमीच्या ९६ डीपीआयच्या हिशोबाने १६ पिक्सेल उंच निघतो, ३०५ च्या हिशोबाने ५१ पिक्सेल. तिप्पटपेक्षा जास्त. फेदरपॅड बिचारा इमानदारीने काम करून राहिला, त्याला वाटते पडदा मोबाइलएवढा आहे, तर अक्षर वाचता येण्यासारखं मोठं काढलं पाहिजे.

आणि प्रिंट मुंगीएवढी का आली तेही इथेच आहे. प्रिंटरला कागदाचं माप बरोबर माहीत असते. तुम्ही ४ पॉइंट सांगितलं, त्याने खरोखरचे ४ पॉइंट छापले, म्हणजे दीड मिलीमीटरपण नाही.

माउसपॅड का वाचला म्हणाल तर जीटीकेवाले मिलीमीटरच्या भानगडीत पडतच नाहीत, वेगळं काही सांगितलं नसेल तर सरळ ९६ धरतात. क्यूटीवाले आधी एक्सएफटी डीपीआय नावाची नोंद शोधतात, ती मिळाली तर तिचंच ऐकतात, नाही मिळाली तर पिक्सेल आणि मिलीमीटर घेऊन स्वतः भागाकार करतात. मोठे डेस्कटॉप ती नोंद स्वतःच करून ठेवतात म्हणून त्यांच्यावर हे कधी दिसत नाही. नुसत्या ओपनबॉक्सवर ती नोंद करणारं कोणी नाही. आणि डेबियनसोबतचा मोकळा ड्रायव्हर असता तरी वाचलं असतं, तिथे पडद्यावर चित्र दाखवणारा एक्स सर्व्हर आपल्या मनानेच ९६ धरतो, कंपनीचा ड्रायव्हर मात्र ईडीआयडीवर विश्वास ठेवतो. चार गोष्टी एका ठिकाणी जमल्या म्हणून तुमच्याकडे झालं.

उपाय छोटा आहे. कमांड मी इथे देवनागरीत लिहितो, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाका. तुमच्या होम फोल्डरमधे एक फाइल बनवा, माउसपॅडमधेच बनवा म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. फाइलचं नाव टिंबाने सुरू होते, टिंब, मग एक्सरिसोर्सेस, त्यातला पहिला एक्स मोठा आणि बाकी सगळी छोटी. आत एकच ओळ, एक्सएफटी, टिंब, डीपीआय, लगेच कोलन, मग एक जागा सोडून ९६. इथेही फक्त पहिला एक्स मोठा. ओळ संपली की एन्टर मारून सेव्ह करा. मग टर्मिनलमधे एक्सआरडीबी, जागा, उणेचं चिन्ह आणि त्याला चिकटून मर्ज, जागा, आणि फाइलचं नाव टिंबासकट. फेदरपॅडच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा.

हे दर वेळी करायची गरज नाही, डेबियनमधे लॉगिन होताना होम फोल्डरमधली ही फाइल आपोआप वाचली जाते.


हिंगणा_रोड

मले बी असंच झालं होतं कॉलेजच्या प्रोजेक्टरवर, काहून होऊन राहिलं ते समजेचना. मी दुसरा उपाय केला होता. क्यूटी फॉन्ट डीपीआय नावाचा व्हेरिएबल असतो, सगळी मोठी अक्षरं आणि मधात अंडरस्कोर, तो ९६ करून त्याच ओळीत पुढं फेदरपॅड लिहून चालू करायचं. काही फाइल बनवा लागत नाही, ताईले घाई असन तर आत्ताच्या आत्ता होऊन जाते.


पेंग्विन_बर्डी

भाऊ, तो उपाय बरोबर आहे आणि तपासून पाहायला तर उत्तमच, एका ओळीत समजते की रोग हाच आहे की दुसरा. पण तो फक्त क्यूटीपुरता आहे आणि ज्या टर्मिनलमधे दिला तिथेच चालतो, मेनूतून फेदरपॅड उघडलं की पुन्हा मोठं. ताईंना रोज काम करायचं आहे, फाइलवालाच करू द्या.


निवृत्त_लिपिक

मंडळी, मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे लिनक्स मिंट आहे, सिनॅमनवालं. गेल्या आठवड्यात नातू खेळला त्यावर आणि तेव्हापासून टेक्स्ट एडिटरमधली अक्षरं मोठी झाली आहेत. मलाही हीच फाइल करावी लागेल का? टीव्ही वगैरे काही नाही, लॅपटॉपच आहे.


पेंग्विन_बर्डी

काका, फक्त एडिटरमधे मोठी आहेत की खालच्या पट्टीवरचं घड्याळ, फोल्डरची नावं, मेनू, तेही?


निवृत्त_लिपिक

आता पाहिलं. घड्याळही मोठं आहे हो. लक्षातच आलं नव्हतं, वाटलं चष्म्याचा नंबर सुधारला.


पेंग्विन_बर्डी

मग तुमचा मामला वेगळा आहे काका, ताईंची फाइल तुम्ही करू नका. सगळीकडे सारखंच मोठं झालं म्हणजे स्केलिंग बदललं. सिस्टिम सेटिंग्जमधे फॉन्ट सिलेक्शन उघडा, तिथे टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर असेल, तो १ वर आणा. अॅक्सेसिबिलिटीमधे लार्ज टेक्स्टचं बटण आहे तेही पाहून घ्या, नातवाचा हात बहुतेक तिथेच लागला असेल. तुम्हाला थोडी मोठी अक्षरं सोयीची वाटत असतील तर १.१ ठेवा, त्यात काही वाईट नाही. एडिटरचा फॉन्ट वेगळा वाढवण्यापेक्षा हे बरं, सगळीकडे सारखं राहते.


निवृत्त_लिपिक

लार्ज टेक्स्टच चालू होतं. बंद केलं, ठीक झालं. स्केलिंग १.१ ठेवलं आहे. धन्यवाद. ताईंचं काम होवो.


महाल_टायपिंग

दादा, केलं मी सगळं तुम्ही सांगितलं तसं, दोनदा तपासून पाहिलं, फाइल आहे, नाव बरोबर आहे, कमांड दिली तर काही एरर पण नाही आली, फेदरपॅड बंद करून उघडलं तर मेनू तसाच मोठा. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. मी काही चुकली का? रात्रीचे साडेअकरा वाजले, उद्या सकाळी काका बारावं प्रकरण घेऊन येणार आहेत आणि मला त्यांना नाही म्हणायची इच्छा नाही.


हिंगणा_रोड

ताई माझावाला उपाय करून पाहा ना तोपर्यंत, उद्याची सकाळ तर निघन.


पेंग्विन_बर्डी

ताई, टेन्शन घेऊ नका, जवळ आलो आहे आपण. टर्मिनलमधे एक्सआरडीबी, जागा, उणेला चिकटून क्वेरी, एवढं द्या. काय छापून येते ते कॉपी करून इथे टाका, टाइप करू नका, कॉपीच करा.


महाल_टायपिंग

एकच ओळ आली. त्यात एक्सएफटी टिंब डीपीआय कोलन आणि मग ९६ आहे. मी जे लिहिलं तेच आलं, तुमच्या मेसेजमधे होतं अगदी तसं.


पेंग्विन_बर्डी

तो ९६ मराठी आकड्यांत आहे का ताई? म्हणजे इथे मी ९६ लिहिला तसाच दिसते का तुमच्या टर्मिनलमधे?


महाल_टायपिंग

हो, तसाच. माझा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असतो ना दिवसभर, इंग्रजी अक्षरांसाठी बदलला आणि आकड्याला परत मराठीवर आली. तुम्ही ९६ लिहिलं होतं म्हणून मी पण ९६ लिहिलं. तो इंग्रजी पाहिजे होता का?


पेंग्विन_बर्डी

इंग्रजीच पाहिजे होता, आणि ही चूक पूर्ण माझी आहे ताई, तुमची नाही. मी अक्षरं इंग्रजीत टाका म्हणालो आणि आकड्याबद्दल बोललोच नाही. आपल्याला ९६ दिसला की वाचता येतो, पण क्यूटीला तिथे इंग्रजी आकडेच लागतात, दुसरं काही दिसलं की ती नोंद बिनकामाची समजून सोडून देते आणि पुन्हा स्वतःच भागाकार करत बसते. एररही देत नाही, म्हणून तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

कीबोर्ड इंग्रजीवर आणून तेवढे दोन आकडे बदला, सेव्ह करा, पुन्हा तीच मर्जवाली कमांड, फेदरपॅड बंद करून उघडा. मी जागाच आहे.


महाल_टायपिंग

झालं!! मेनू छोटा झाला, सेव्हचा डबा पूर्ण दिसून राहिला, बटणांसकट! व्हीएलसी पण ठीक झालं. पण मजकूर आता इतका बारीक झाला की दिसतच नाही, एकेक ओळ रेघ काढल्यासारखी.


पेंग्विन_बर्डी

तो तुमचा ४ पॉइंट आहे ताई. आधी चुकीच्या मापाला उतारा म्हणून दिला होता, आता माप बरोबर झालं तर ४ चे खरंच ४ झाले. ऑप्शन्समधे फॉन्ट उघडून १२ करा. टीव्ही आहे आणि थोडं लांबून पाहत असाल तर १४ पण चालेल, टीव्हीच्या खऱ्या मापाने एका इंचात ६९ च ठिपके येतात, त्यामुळे बारीक अक्षर थोडं खरखरीत दिसेलच. प्रिंटच्या वेळी १२.


महाल_टायपिंग

१४ केलं. आता बरोबर दिसते. दादा, डोळ्यांत पाणी आलं हो, ४ पॉइंट करायच्या आधी मी त्या बारा ओळींमधे काम करून राहिली होती, मागचं वाक्य वाचायला वर जायचं की पुढचं हरवायचं.

एक शेवटचं विचारते, अगदी गरजेचं नाही. मराठी ओळींमधे अंतर जास्त आहे आणि ज्या ओळीत नुसते इंग्रजी शब्द किंवा आकडे आहेत ती ओळ जवळजवळ येते, पान वरखाली दिसते. आधीच्या मॉनिटरवर पण होतं, पण मोठ्या टीव्हीवर जास्त डोळ्यात येते.


अक्षरवेडी

ताई, हे मी सांगते, मी खामल्याला राहते आणि फॉन्टचं वेड आहे मला. तुमच्या एडिटरमधे फॉन्ट मोनोस्पेस असेल, डेबियनमधे ते नाव बहुतेक डेजाव्हू सॅन्स मोनोकडे जातं आणि त्यात देवनागरी अक्षरं नाहीतच. म्हणून प्रत्येक मराठी अक्षरासाठी फॉन्टकॉन्फिग, म्हणजे फॉन्ट निवडून देणारी व्यवस्था, दुसरा फॉन्ट शोधून आणते. ज्या ओळीत तो दुसरा फॉन्ट आला तिची उंची त्याच्या मापाने वाढते, कारण देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं यांना जागा लागते. नुसत्या इंग्रजी ओळीला ती जागा लागत नाही, ती आखडते. बिघाड नाही हा, दोन फॉन्ट एका पानावर आल्याचा परिणाम आहे.

तुमचा मजकूर ९५ टक्के मराठीच आहे तर मोनोस्पेसचा हट्ट कशाला, तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागतो, रकाने जुळवायला. फॉन्टच्या यादीत नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी आहे का पाहा, असेल तर तो थेट निवडा. मग मराठी ओळींना मुख्य फॉन्टच आपला राहील आणि उंची एकसारखी होईल. नसेल तर डेबियनमधे फॉन्ट्स-लोहित-देवा नावाचं पॅकेज आहे, छोटंसं आहे, सगळे शब्द इंग्रजीत आणि मधे उणेचं चिन्ह. नोटो हवा असेल तर फॉन्ट्स-नोटो-कोर, पण ते बरंच मोठं आहे, तुमच्या मशीनला लोहितच सोसेल. मुद्रितं वाचायला मला स्वतःला लोहित जास्त आवडतो, ष्ट, द्ध, ह्य असली जोडाक्षरं नीट उलगडून दिसतात आणि चूक पटकन सापडते.


रामदासपेठ२२

टीव्हीवाल्यांसाठी अजून एक. कडा कापल्यासारख्या दिसत असतील, म्हणजे ओपनबॉक्सची पट्टी अर्धी गायब असेल, तर टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर पिक्चर साइझ की आस्पेक्ट असं काही असते, त्यात जस्ट स्कॅन किंवा फुल पिक्सेल निवडा. टीव्ही चित्र थोडं ताणून कडा लपवतात, त्याने अक्षरं पुसट होतात. तो पुसटपणा कॉम्प्युटरवरून जात नाही. माझं पहिलं उत्तर चुकलं होतं ताई, घाईत लिहिलं, पूर्ण वाचायला हवं होतं.


महाल_टायपिंग

रामदासपेठ दादा, अहो तुम्ही लिहिलं म्हणून तर मी फायरफॉक्स आणि माउसपॅड उघडून पाहिलं. कडा खरंच थोड्या कापलेल्या होत्या, रिमोटवरून केलं, अक्षरं कोरल्यासारखी झाली एकदम.

ताई, लोहित यादीत होताच. लावला. ओळी सारख्या झाल्या.

पेंग्विन दादा, पुढच्या महिन्यात मॉनिटर घेतला की ही फाइल काढून टाकायची का?


पेंग्विन_बर्डी

राहू द्या. नेहमीच्या मॉनिटरला ९६ चालते, त्यात नुकसान काही नाही. फक्त कधी फोर-के वगैरे फार बारीक ठिपक्यांचा पडदा घेतला तर तिथे ९६ ने अक्षरं बारीक होतील, तेव्हा तीच ओळ उघडून आकडा वाढवायचा, १४४ करून पाहायचा. इंग्रजी आकड्यांत.

आणि टीव्ही जोडून काम करणं आहे तोवर लाइन गेली आली की बटण बंद ठेवत जा, या दिवसांत भरवसा नाही. जमलं तर स्पाइक गार्ड घेऊन घ्या, बर्डीच्या बाजारात साधा मिळून जातो.


महाल_टायपिंग

आजच घेते. काका सकाळी आठलाच आले होते, बारावं प्रकरण टाकून झालं, दुपारी त्यांना १२ पॉइंटमधे चार पानं काढून दिली. त्यांनी ओसरीवर बसून भिंग बाजूला ठेवून वाचली आणि दुसऱ्या पानावर दोन चुका काढल्या, एका ठिकाणी वडलांच्या गावाच्या नावात मी ऱ्हस्व दीर्घ चुकवलं होतं. दुरुस्त केलं. आता तेरावं घेते.


हिंगणा_रोड

ताई, दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतोच मी दर वर्षी मित्रांसोबत, पुस्तक झालं की नाव आणि स्टॉल इथंच टाकजा, एक प्रत माझ्यासाठी ठेवजा.